मका भट्टीत जाण्यापूर्वी

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील काशीमिऱ्याच्या नाक्याच्या परिसरातील पेट्रोलपंपांवर सकाळी आणि दिवेलागणीला दुचाकींची गर्दी असते. मीरा-भाईंदर हे मुख्यत: नोकरदारांचे शहर. घरापासून स्टेशनपर्यंत दुचाकी आणि तेथून पुढे चर्चगेटची लोकल, असा येथील असंख्य कुटुंबांचा दिनक्रम आहे. या दुचाकीत पाच लिटर पेट्रोल घातले, तर त्यातील एक लिटर पेट्रोल नसते, इथेनॉल असते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले, तेव्हापासून या मिश्रणाविषयी जी चर्चा चालू आहे ती बहुतेक गाडीच्या प्रकृतीची आहे. गाडी लिटरमागे किती किलोमीटर कमी धावते, जुन्या इंजिनातील रबरी नळ्यांचे काय होते, हे प्रश्न खिशाशी निगडित असल्यामुळे ते विचारले जाणे स्वाभाविकच आहे. तथापि ते एक लिटर इथेनॉल आले कोठून आणि येताना वाटेत काय काय खर्ची पडले, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

ते मक्यापासून आले असेल, तर हिशेब सोपा आहे. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल मिळते. म्हणजे एका लिटरसाठी २ किलो ६०० ग्रॅमहून थोडा अधिक मका लागतो. पावसाळ्यात भाईंदर स्टेशनाबाहेर निखाऱ्यावर भाजल्या जाणाऱ्या कणसापलीकडे या शहराचा मक्याशी संबंध नाही असे वाटेल. पण खाडी, मिठागरे आणि इमारती यांच्या या गर्दीतून महामार्गाकडे जाणारी प्रत्येक दुचाकी आज नाशिक-जळगावच्या किंवा बिहार-कर्नाटकच्या मक्याच्या शेताशी जोडली गेलेली आहे.

हे जोडले जाणे फार जलद घडले. राष्ट्रीय जैवइंधन धोरण २०१८ साली आले तेव्हा इथेनॉल म्हणजे साखर कारखान्याच्या मळीचा पदार्थ, असेच समीकरण होते. जुलै २०२३ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी देणे थांबले. त्याच वर्षी डिसेंबरात, साखर कमी पडेल या धास्तीने, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले. जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलला प्रोत्साहनासह लिटरला ७१ रुपये ८६ पैसे असा भाव ठरला. तो उसाच्या कोणत्याही प्रकारच्या इथेनॉलपेक्षा अधिक होता. परिणाम अपेक्षितच झाला. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात सुमारे २८६ कोटी लिटर इथेनॉल एकट्या मक्यापासून निघाले आणि मका हा इथेनॉलचा सर्वांत मोठा कच्चा माल ठरला. एरवी मका निर्यात करणारा हा देश २०२४ साली मका आयात करू लागला.

आता या मक्याचे कारखान्यात काय होते ते पाहिले पाहिजे. देशात उभ्या राहिलेल्या धान्याधारित आसवन्या जवळजवळ सर्व कोरड्या दळणाच्या पद्धतीच्या आहेत. दाणा सबंध भरडायचा, पाण्यात कालवायचा, शिजवायचा, एन्झाइम घालून त्यातील स्टार्चची साखर करायची, यीस्ट घालून दोन-अडीच दिवस आंबवायचे आणि मग ऊर्ध्वपातनाने मद्यार्क काढून घ्यायचा. मक्याच्या दाण्यात सुमारे ७० टक्के स्टार्च, ९-१० टक्के प्रथिने, ४ टक्क्यांच्या आसपास तेल आणि उरलेला बहुतांश कोंडा असतो. मद्यार्क होतो तो केवळ स्टार्चचा. तेल, प्रथिने आणि कोंडा यांचा त्या भट्टीशी काही संबंध नाही. ते उगाचच शिजतात, आंबतात, उकळतात आणि शेवटी वाळवून एका तपकिरी भुशाच्या रूपाने बाहेर पडतात. व्यापारात या भुशाला डीडीजीएस म्हणतात आणि तो कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यात जातो. काही कारखाने शेवटी यंत्राने त्यातील थोडे तेल काढतात. परंतु भट्टीतून गेलेले ते तेल माणसाच्या खाण्याच्या योग्यतेचे राहिलेले नसते.

हे सर्व आधीच वेगळे करता येणार नाही काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या स्वयंपाकघरात मिळेल. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, पाणी रोज बदलतात, चौथ्या दिवशी ते वाटून पिळून घेतात. फडक्यात चोथा राहतो आणि खाली दुधासारखे पांढरे पाणी उतरते. ते रात्रभर तसेच ठेवले की सकाळी वर निवळ आणि तळाशी घट्ट, पांढराशुभ्र चीक बसलेला असतो. निवळ ओतून टाकायची, चीक शिजवायचा आणि सोऱ्यातून कुरडया पाडायच्या. चोथाही फुकट जात नाही. त्याच्या भुसवड्या घालतात किंवा तो गोठ्यात जातो. शास्त्रीय परिभाषेत बोलायचे तर ही ओल्या दळणाने स्टार्च वेगळा करण्याची संपूर्ण प्रक्रिया आहे. दाणा मऊ करणे, फोडणे, चाळणे आणि वजनातील फरकाने निवळवणे, या चारही पायऱ्या तीत आहेत. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्याने मिश्रण वेगळे करण्याच्या पद्धतींसाठी वाळू-मिठाचे उदाहरण द्यावे आणि मुलांच्या घरच्या गच्चीवर वाळणाऱ्या कुरडईचे देऊ नये, हे थोडे नवलाचेच आहे.

मक्याच्या बाबतीत कारखाना करतो ते याहून तत्त्वत: वेगळे नाही. सुमारे ५० अंश तापमानाच्या पाण्यात, किंचित सल्फर डायऑक्साइड मिसळून, मका ३० ते ५० तास भिजवला जातो. त्यामुळे स्टार्चच्या कणांना धरून ठेवणारी प्रथिनांची जाळी सैल होते. नंतर दाणा केवळ फोडतात, दळत नाहीत. कारण आतील अंकुर अखंड राहिला पाहिजे. मक्याचे बहुतेक तेल या अंकुरात असते. तेलामुळे तो हलका असतो आणि पाण्याच्या भोवऱ्यात घातला की वर येतो. गव्हाच्या चिकात आणि मक्याच्या चिकात महत्त्वाचा फरक आहे तो हा. अंकुर गेल्यावर उरलेले बारीक दळून चाळले की कोंडा निघतो, आणि राहिलेले पिवळसर दूध वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घातले की हलकी प्रथिने एका बाजूला आणि जड स्टार्च दुसऱ्या बाजूला जातो. आईने रात्रभर निवळत ठेवलेले काम यंत्र काही क्षणांत करते, इतकेच. टनामागे साडेसहाशे किलोच्या आसपास शुद्ध स्टार्च हाती येतो; शिवाय खाण्यायोग्य तेल देणारा अंकुर, ६० टक्के प्रथिनांचे ग्लुटेन आणि कोंडा हे निरनिराळे, आपापल्या भावाने विकले जाणारे पदार्थ मिळतात.

हा उद्योग नवा नाही. स्टार्चपासून साखर करता येते हे किर्खहोफ या रसायनशास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्ग येथे १८११-१२ च्या सुमारास दाखवून दिले आणि मक्यापासून स्टार्च वेगळा करण्याची रीत थॉमस किंग्सफोर्ड याने अमेरिकेत १८४२ साली बसवली. महाराष्ट्रात स्टार्चची पहिली मोठी गरज गिरणगावाला होती. मागावर ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्याला खळ द्यावी लागते, आणि गिरण्यांची सायझिंग खाती त्यासाठी स्टार्चची पोती रिचवीत. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे १९७३ साली स्थापन झालेला स्टार्चचा कारखाना खानदेशच्या मक्याला जवळच गिऱ्हाईक देणारा ठरला. गिरण्या गेल्या, सुताची गरज भिवंडी आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेली. आज स्टार्च औषधाच्या गोळीत असतो, कागदावर असतो, लहान मुलाच्या ग्लुकोजच्या पुडीत असतो. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतून स्टीलची भांडी ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून बाहेरगावी जातात, त्या पुठ्ठ्याचे थर चिकटवणारी खळही बहुतांशी स्टार्चचीच असते.

तेव्हा प्रश्न ज्ञानाचा नाही. इथेनॉलच्या कारखान्यात दाणा प्रथम वेगळा केला जात नाही याचे कारण आर्थिक आहे, आणि ते पुरेसे बळकटही आहे. ओल्या दळणाला यंत्रसामग्री अधिक लागते, भिजवण्याच्या टाक्या लागतात, पाणी लागते आणि सांडपाण्याची व्यवस्था लागते. कारखान्याला पैसे मिळतात ते लिटरवर. मग अंकुर जपण्याची दगदग कोण करील? अमेरिकेतही हेच घडले. १९८० च्या दशकात तेथे इंधनाच्या इथेनॉलचा मोठा भाग ओल्या दळणाच्या कारखान्यांतून येत असे. पुढे स्वस्त कोरड्या दळणाने त्यांना मागे टाकले आणि आता तेथील नव्वद टक्क्यांहून अधिक इथेनॉल कोरड्या दळणाचे आहे. परंतु त्या जुन्या कारखान्यांजवळ एक गोष्ट होती जी नव्यांजवळ नव्हती. त्यांच्या हाती शुद्ध स्टार्च होता. उन्हाळ्यात थंड पेयांची मागणी वाढली की ते त्याचे गोड पाक करीत, हिवाळ्यात तीच धार इथेनॉलकडे वळवीत. गिऱ्हाईक एक रुसले तर दुसरे होते.

म्हणूनच कोरड्या दळणाच्या कारखान्याला हे सामर्थ्य कमी खर्चात कसे देता येईल, यावर गेली तीस वर्षे काम चालू आहे. इलिनॉय विद्यापीठात एकहॉफ आणि विजय सिंग या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की केवळ अंकुर सोडवायचा असेल, तर मका दीड-दोन दिवस भिजवण्याची गरज नाही. काही तास पुरतात. अंकुर काढून घ्यावा आणि उरलेला दाणा नेहमीप्रमाणे भट्टीत जाऊ द्यावा, अशी ही मधली वाट आहे. दुसरी वाट आणखी पुढची. दळलेल्या मक्यातील स्टार्च एन्झाइमने पातळ झाल्यावर, यीस्ट घालण्यापूर्वीच, त्यातून कोंडा, तेल आणि प्रथिने गाळून काढतात आणि स्वच्छ साखरेचा द्रव मिळवतात. तो भट्टीत घालावा किंवा अन्य रसायनांच्या कारखान्याला विकावा. आयोवा राज्यातील शेननडोआ येथे एका इथेनॉल कारखान्यात असा विभाग २०२४ साली उभा राहिला. मात्र तेथे सांडपाण्याच्या प्रक्रियेची अडचण आडवी आली, हेही नमूद केले पाहिजे. या मार्गाची वकिली करणारे तेवढे सांगायचे विसरतात.

या साऱ्याचा महाराष्ट्राशी संबंध काय? संबंध तीन ठिकाणी येतो आणि तिन्ही ठिकाणी तो शेतकऱ्याच्या अंगणातून जातो.

पहिले, तो तपकिरी भुसा. खरिपाचा मका काढणीला येतो तेव्हा परतीचा पाऊस चालू असतो. ओलसर कणसे, रस्त्याच्या कडेला पसरलेले दाणे आणि त्यांवर धरणारी बुरशी हे दृश्य मराठवाड्यात किंवा येवला-वैजापूरच्या बाजूला कोणीही पाहिले असेल. या बुरशीचे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. भट्टीत ते नष्ट होत नाही. दाण्याचा दोन तृतीयांश भाग स्टार्चच्या रूपाने निघून जातो आणि विष मागे राहते; त्यामुळे भुशात त्याचे प्रमाण मूळ मक्याच्या जवळजवळ तिप्पट होते. कोंबड्यांच्या खाद्यात असा भुसा मिसळताना कुक्कुटपालक धास्तावतो ते उगाच नव्हे. दुसरे, याच भुशाने सोयाबीनच्या पेंडीशी बाजारात स्पर्धा मांडली. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना लातूरपासून विदर्भापर्यंत शेतकऱ्याच्या पदरात त्याहून पुष्कळ कमी पडले. त्यामागे जागतिक भाव आणि तेलाची आयात ही कारणे होतीच; सारे खापर इथेनॉलवर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु स्वस्त प्रथिनांचा एक नवा ओघ बाजारात लोटला गेला आणि तो भाव उतरवणारा ठरला, हे पेंडीचे व्यापारी उघडपणे सांगत होते. एका पिकाला उत्तेजन द्यायचे आणि त्याच्या उच्छिष्टाने शेजारच्या पिकाचा भाव पाडायचा, हे धोरण म्हणून कोणी आखले नसेल. घडले मात्र तसे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इंधनाच्या इथेनॉलला गिऱ्हाईक एकच आहे आणि ते म्हणजे तेल कंपन्या. २०२५-२६ या पुरवठा वर्षासाठी त्यांनी १,०५० कोटी लिटर इथेनॉल मागितले. कारखान्यांनी देऊ केले १,७७६ कोटी लिटर. म्हणजे उभ्या असलेल्या यंत्रांपैकी मोठा भाग रिकामा बसणार, हे वर्ष सुरू होण्यापूर्वीच ठरून गेले. २०२५ च्या खरिपात मक्याचा हमीभाव २,४०० रुपये होता. इथेनॉलच्या भरवशावर मका पेरलेल्या उत्तर कर्नाटकातील शेतकऱ्यांना नोव्हेंबरात त्याहून कितीतरी कमी भाव मिळू लागला आणि ते रस्त्यावर आले. जेथे स्टार्च वेगळा होतो असा कारखाना अशा वर्षी आपली धार कागदाकडे, औषधाकडे किंवा ग्लुकोजकडे वळवू शकला असता. सबंध दाणा भट्टीत टाकणाऱ्याला तसे करता येत नाही. भट्टी थांबली की त्याचा मकाही थांबला.

सहकारी साखर कारखान्यांना हा धडा नवा नसावा. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले तेव्हा ऊस म्हणजे साखर, एवढेच सूत्र होते. मळी कोठे टाकावी हा साखरधंद्याला एकेकाळी सतावणारा प्रश्न होता. पुढे मळीची आसवनी झाली, बगॅसची वीज झाली, प्रेसमडचे खत झाले, आणि साखरेचा भाव कोसळलेल्या वर्षांत या उपपदार्थांनीच अनेक कारखान्यांचे ताळेबंद सावरले. उसाचा प्रत्येक भाग वेगळा केला तर वेगळा विकता येतो, हे या राज्याइतके दुसऱ्या कोणी अनुभवलेले नाही.

आज हेच कारखाने मक्याकडे वळत आहेत. उसाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. उरलेले वर्ष आसवनी बंद. ती मक्यावर आणि खराब धान्यावर चालवता यावी म्हणून सहकारी कारखान्यांना कर्जाच्या व्याजात सवलत देणारी योजना केंद्राने मार्च २०२५ मध्ये जाहीर केली. सहा टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल तेवढे व्याज पाच वर्षे सरकार सोसणार आहे. योजना चांगली आहे. परंतु तिचे माप पुन्हा आसवनीच्या क्षमतेचे, म्हणजे लिटरचेच. दाण्यातील इतर भागांचे काय करणार, हे ती विचारत नाही. महाराष्ट्रात २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्यांना अनुदान देण्याचे धोरण आले, तेव्हा ज्वारीची दारू करायची काय, या प्रश्नावर समाजकार्यकर्त्यांनी रान उठवले होते. आता मद्यार्क माणसाच्या पोटात न जाता मोटारीच्या टाकीत जातो म्हणून विवेकाची टोचणी बोथट झाली असावी. धान्य मात्र तेच आहे.

येथे दोन आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतले पाहिजेत. तेलाच्या लोभाने हे करावे असे कोणी म्हणत असेल, तर आकडे त्याला फार साथ देत नाहीत. २८६ कोटी लिटरसाठी लागलेल्या सुमारे ७५ लाख टन मक्यात सारे मिळून तीन लाख टन तेल असेल. देश वर्षाला १६० लाख टनांच्या आसपास खाद्यतेल आयात करतो. तेलाची आयात याने थांबणार नाही. दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो मराठवाड्यात तरी निर्णायक ठरू शकतो. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेथे मका दोन दिवस पाण्यात भिजवणारा कारखाना सुचवणे शहाणपणाचे नव्हे. पाणी फिरवून पुन्हा वापरता येते हे खरे; पण ती यंत्रणा बसवणे आणि प्रत्यक्षात चालवणे यांतले अंतर आपल्या नद्यांच्या काठी कोणालाही दिसते. म्हणून सर्वत्र एकच पद्धत लादण्याचा आग्रह चुकीचा ठरेल. कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला, जेथे पाणी आहे आणि इचलकरंजीच्या मागांना खळ लागते, तेथे पूर्ण स्टार्च विभाग परवडेल. अन्यत्र काही तास भिजवून निदान अंकुर काढून घेणे, हेच व्यवहार्य ठरावे.

मात्र यांपैकी काहीही करायचे तर ते आराखड्याच्या वेळीच करावे लागते. धान्य विभागाची इमारत एकदा भरडयंत्राभोवती बांधली गेली की मागाहून तेथे भिजवण्याच्या टाक्यांना आणि चाळण्यांना जागा राहत नाही, आणि बँकेकडे दुसऱ्यांदा जाण्याची संचालकांची उमेदही राहत नाही. व्याजाच्या सवलतीत थोडा फरक करून, दाणा वेगळा करणाऱ्या विभागाच्या खर्चाला अधिक वर्षांची मुदत देता येईल. अफ्लाटॉक्सिनची तपासणी भुशाच्या प्रत्येक गाडीला सक्तीची केली, तर दूषित मका भट्टीत लोटण्याचा मोह कारखान्याला आपोआप महाग पडेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरपर्यंत होतात. मक्याच्या प्रकल्पांचे ठराव आणि त्यांचे अंदाजपत्रक सभासदांपुढे ठेवले जाते ते तेथेच. टनामागे किती लिटर, हा आकडा त्या अंदाजपत्रकात असतोच. टनामागे किती अंकुर आणि किती स्टार्च, असा रकाना त्यात घालण्याची मागणी सभासदाला त्याच सभेत करता येते.